हाताने मोजलेले किरण : बर्मिंगहॅमच्या एका डॉक्टरचे प्रकरण

रेडिओग्राफीच्या, म्हणजे क्ष-किरण चित्रणाच्या, पहिल्या वर्षाच्या मुलांना किरणसुरक्षा शिकवायची म्हटली की मी नियमांची यादी बाजूला ठेवतो आणि आधी हे प्रकरण मांडतो. नियम पाठ होतात, परीक्षेत उतरतात, आणि नोकरी लागली की तिसऱ्या महिन्यात अंगावर किती किरण पडले हे मोजणारा छातीवरचा बॅज ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. मी शिकत होतो तेव्हा आमच्या विभागातल्या एका सिनियरचा बॅज वर्षभर कपाटाच्या हँडलला लटकलेला असायचा. तिमाही अहवाल दर वेळी स्वच्छ. कपाटाला काही झालेले नव्हते, एवढेच त्यातून सिद्ध होत होते.

हे प्रकरण ब्रिटनमधले, १८९६ ते १९०८ या काळातले आहे. डॉक्टर इतिहासात नोंदलेले आहेत, म्हणून त्यांचे नाव दिले आहे. रुग्णांची नावे दिलेली नाहीत. इथे त्यांची गरजही नाही.

पार्श्वभूमी

भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतल्या व्युर्ट्सबुर्ग इथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. त्यांनी निबंध दिला २८ डिसेंबरला. ५ जानेवारी १८९६ ला व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात बातमी आली आणि दोन दिवसांत ती लंडनच्या वृत्तपत्रांत पोचली. लगोलग लंडनमध्ये अ‍ॅलन कॅम्पबेल स्विंटन या विद्युत अभियंत्याने इंग्लंडमधली पहिली क्ष-किरण छायाचित्रे काढली. आज एखादे नवे यंत्र आपल्याकडे यायला टेंडर, परवाना, बांधकाम यात दोन वर्षे जातात, आणि इथे दोन दिवस! पण त्यात जादू नव्हती. लागणारे सगळे सामान आधीच घरात होते. विजेचा दाब वाढवणारी इंडक्शन कॉइल, निर्वात काचनळी आणि फोटोची काच एवढ्यावर काम भागत होते, आणि या तिन्ही वस्तू विज्ञानाचा नाद असलेल्या माणसाकडे तेव्हा सहज असत.

बर्मिंगहॅममध्ये असा एक माणूस होता. जॉन हॉल-एडवर्ड्स, जन्म १८५८, पेशाने डॉक्टर, छंदाने छायाचित्रकार. आणि छंदही साधासुधा नव्हता, फोटोग्राफीच्या वर्तुळात त्यांना मान होता. ११ जानेवारी १८९६ रोजी त्यांनी एका सहकाऱ्याच्या हाताची प्रतिमा घेतली. कातडीखाली मुद्दाम सरकवलेली निर्जंतुक सुई त्यात स्पष्ट दिसली. मग खरा रुग्ण आला. एका बाईच्या हातात सुई मोडून राहिली होती. १४ फेब्रुवारीला हॉल-एडवर्ड्स यांच्या प्रतिमेच्या आधाराने क्वीन्स हॉस्पिटलच्या शल्यविशारदाने ती सुई काढली. क्ष-किरण प्रतिमा समोर ठेवून झालेल्या जगातल्या अगदी पहिल्या शस्त्रक्रियांत तिची गणना होते. बातमी फुटल्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

तोवर शल्यविशारद सुई कशी शोधत, हे लक्षात घेतले की या गोष्टीचे मोल कळते. बोटाने दाबत जायचे, जिथे रुग्ण ओरडेल तिथे छेद द्यायचा, नाही मिळाली तर शेजारी दुसरा. त्या काळात शिवणकाम घरोघर होते, सुया मोडणे रोजचे होते. त्यामुळे या नव्या कामाला गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली नाही.

त्याच वर्षी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जॉन मॅकिन्टायर यांनी क्ष-किरण विभाग उभा केला. मे महिन्यात लंडनमधून या विषयाला वाहिलेले नियतकालिकही निघाले. १८९७ मध्ये या किरणांवर काम करणाऱ्यांची राँटगेन सोसायटी स्थापन झाली. लष्करही मागे नव्हते. १८९७-९८ मध्ये सर्जन-मेजर बीव्हर यांनी तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत यंत्र नेले, आणि १८९८ मध्ये सुदानात मेजर बॅटर्सबी यांनी दोघांनी चालवायच्या सायकलवर डायनॅमो फिरवून बॅटऱ्या भरल्या. हॉल-एडवर्ड्स १८९९ मध्ये बर्मिंगहॅमच्या जनरल हॉस्पिटलात सर्जन-रेडिओग्राफर झाले. बोअर युद्ध पेटल्यावर १९०० मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत डीलफाँटेनच्या युद्धरुग्णालयात गोळ्या आणि हाडांचे तुकडे शोधायला गेले.

उपचाराची बाजूही याच काळात उघडली. १८९६ च्या अखेरीस व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर हे किरण सोडले आणि केस गळून पडले. मग त्वचेचा क्षयरोग, चेहऱ्यावरचे सावकाश पसरणारे व्रण, डोक्यातला नायटा असे आजार किरणांपुढे येऊ लागले. किरण कातडीवर काहीतरी जोरदार परिणाम करतात, हे उपचार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्याच भरवशावर तर उपचार चालला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अडचण

किरण निर्माण करणारी आजची नळी आपण कळफलकावर आकडे टाकून चालवतो. तेव्हाच्या नळीचा स्वभाव लहरी होता. तिच्यात थोडा वायू शिल्लक लागे. वापर वाढला की तो वायू काचेत आणि धातूत जिरत जाई, नळी ‘कडक’ होई आणि किरण इतके भेदक होत की हाडेसुद्धा पडद्यावर फिकी दिसत. उलट नळी फार ‘मऊ’ असली तर मांस आणि हाड सगळेच काळे. कडक झालेल्या नळीला स्पिरिटच्या दिव्याने ऊब द्यायची, थोडा वायू सुटू द्यायचा, पुन्हा पाहायचे. सकाळी नीट चाललेली नळी दुपारी तशीच चालेल याची खात्री नसे.

मग आत्ता नळी कशी आहे, हे कळणार कसे? उत्तर सोपे होते आणि फुकट होते. किरण पडले की चमकणारा पडदा एका हातात धरायचा, दुसरा हात नळी आणि पडदा यांच्या मधे न्यायचा आणि आपलीच हाडे बघायची. हाडे काळी आणि मांस करडे दिसले की नळी बरोबर. दिवसातून किती वेळा? प्रत्येक रुग्णाआधी, मधे शंका आली तर पुन्हा, नवी नळी विकत घेताना, आणि बघायला आलेल्या पाहुण्यांची हौस भागवताना.

विद्यार्थ्यांकडून मी इथे एक हिशेब करून घेतो. तो ऐतिहासिक नाही, निव्वळ समजून घेण्यासाठी आहे. समजा एका वेळी वीस सेकंद आणि दिवसातून वीस वेळा. चारशे सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटे. यात घाबरण्यासारखे काय? पण वर्षाचे तीनशे दिवस धरले की तेहतीस तास होतात. आणि हात नळीपासून दहा सेंटिमीटरवर असेल, तर एक मीटर लांब उभ्या माणसाच्या शंभर पट किरण त्याच्यावर पडतात, कारण अंतर दहापट घटले की तीव्रता शंभरपट वाढते. बाकी शरीर लांब, हात मात्र थेट चुलीत.

लक्षणे ठरावीक क्रमाने येत. आधी नखांच्या मुळाशी लाली आणि आग. मग कातडी कोरडी, चकचकीत, भेगाळलेली. नखे ठिसूळ. त्यानंतर चामखिळीसारखे खडबडीत उंचवटे. काही जखमा भरत, काही भरतच नसत. न भरणाऱ्या जखमेच्या कडा जाड होऊ लागल्या की तिथे कर्करोग मूळ धरत असे. पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत सहा, आठ, दहा वर्षे जात. सगळ्या प्रकरणाची किल्ली या लांबलेल्या काळात आहे. चटका लागला की हात मागे घ्यायचा, हे शरीराने आपल्याला शिकवले आहे. दहा वर्षांनी लागणाऱ्या चटक्यासाठी शरीरापाशी धडा नाही.

तेव्हा काय माहीत होते

‘बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती’ असे वाक्य अशा लेखांत हमखास येते. ते मला पटत नाही. एप्रिल १८९६ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या किरणांवर काम करणाऱ्यांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी होते, असे छापून आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत विद्युत अभियंता एलिहू थॉमसन यांनी स्वतःच्या डाव्या हाताची करंगळी नळीजवळ अर्धा तास धरली. काही दिवस काहीच झाले नाही. मग ती सुजली, दुखू लागली, फोड आले. राँटगेन सोसायटीनेही अशा इजांची माहिती गोळा करायला समिती नेमली होती.

माहिती होती, पण तिच्याभोवती पळवाटाही भरपूर होत्या. कोणी म्हणे हा ओझोनचा परिणाम, कोणी म्हणे नळीतून उडणाऱ्या प्लॅटिनमच्या कणांचा, कोणी म्हणे विजेच्या सूक्ष्म ठिणग्यांचा. सगळ्यात सोयीची पळवाट होती ती प्रकृतीची: काहींची कातडीच नाजूक असते. हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. ‘मला वीस वर्षांत काही झाले नाही’ म्हणणारा माणूस प्रत्येक विभागात एक तरी असतो, आणि ज्यांना झाले ते त्या वेळी तिथे बोलायला नसतात.

१९०२ मध्ये हॅम्बुर्गहून पक्की बातमी आली. नळ्यांच्या कारखान्यात आपला हात दाखवून नळ्या तपासणाऱ्या एका तेहतीस वर्षांच्या कामगाराच्या हातावर कर्करोग झाला होता. १९०४ मध्ये एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली वारले, तेही हात कापून घेतल्यानंतर. एडिसन यांनी त्याआधीच क्ष-किरणांच्या प्रयोगांना रामराम ठोकला होता.

समोर असलेले पर्याय

आजच्या ज्ञानाचा चष्मा काढून, १९०० ते १९०४ च्या सुमारास हॉल-एडवर्ड्स यांच्यासारख्या डॉक्टरपुढे कोणत्या वाटा होत्या ते पाहू.

एक वाट म्हणजे काम थांबवणे. ते एडिसन यांना जमले, कारण त्यांच्यापाशी दुसरे शंभर उद्योग होते. जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाचा हा विभाग मात्र एका माणसाच्या कौशल्यावर चालत होता. तो उठून गेला की दाराशी बसलेल्या रुग्णाला परत चाचपडणाऱ्या चाकूकडे पाठवायचे. डॉक्टरसाठी हा निर्णय किती अवघड, हे सांगायला नको.

दुसरी वाट होती आडोशाची. शिसे किरण अडवते हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. राँटगेन यांच्या पहिल्याच निबंधात ते होते. अमेरिकेत विल्यम रोलिन्स या दंतवैद्याने १९०१ मध्ये गिनिपिगवर प्रयोग करून हे किरण जीव घेऊ शकतात हे दाखवले होते आणि नळी बंद पेटीत ठेवण्याचा आग्रह धरला होता. पण पेटी जड, शिशाचे हातमोजे जड, आणि सूक्ष्म काम करणाऱ्या बोटांना ते नको वाटत.

तिसरी वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: चाचणीसाठी दुसरा हात वापरणे. म्हणजे खऱ्या सांगाड्यातला हात चौकटीत बसवून नळी आणि पडद्याच्या मधे धरायचा. असे उपकरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाले. बनवायला सोपे, खर्च जवळजवळ शून्य. वैद्यकीय महाविद्यालय शेजारी असताना सांगाड्याचा हात मिळणे काय अवघड होते?

चौथी वाट म्हणजे दुसऱ्याला पुढे करणे. सहायक, कंपाउंडर, शिकाऊ मुलगा. ही वाट अनेक ठिकाणी वापरली गेली आणि तिची किंमत त्या सहायकांनी दिली. लंडन हॉस्पिटलच्या क्ष-किरण विभागातले अर्नेस्ट हार्नॅक आणि अर्नेस्ट विल्सन ही त्यातली प्रसिद्ध नावे. हार्नॅक यांनी हात गमावले, विल्सन १९११ मध्ये वारले.

आणि पाचवी वाट : मात्रा मोजणे. १९०२ मध्ये व्हिएन्नाच्या होल्ट्सक्नेख्ट यांनी किरणांनी रंग बदलणाऱ्या क्षारांवर आधारलेले मापक आणले. १९०४ मध्ये पॅरिसच्या साबुरो आणि नुआरे यांची छोटी टिकली आली. ती नळी आणि कातडी यांच्या मधोमध ठेवायची. हिरव्याची तपकिरी झाली की ठरलेली मात्रा पुरी झाली, यंत्र बंद. नायट्यासाठी मुलांच्या डोक्यावर किरण द्यायला या टिकल्या ब्रिटनमध्येही वापरल्या गेल्या.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. टिकली होती, पण ती ठेवली जाई रुग्णाच्या बाजूला. उपचाराच्या वेळी रुग्णाच्या चेहऱ्यावर व्रणापुरते भोक ठेवून शिशाच्या पत्र्याचा मुखवटाही बसवत, निरोगी कातडी वाचावी म्हणून. म्हणजे एकाच खोलीत, एकाच नळीपुढे, एका माणसाच्या नाकाभोवती शिसे आणि दुसऱ्याच्या बोटांभोवती नुसती हवा. रुग्ण भाजला तर तक्रार होई, बदनामी होई, कदाचित कोर्टकचेरीही. ऑपरेटर भाजला तर ती त्याची निष्ठा ठरे.

काय केले गेले

हॉल-एडवर्ड्स यांनी काम सोडले नाही. त्यांनी धोक्याबद्दल मौनही पाळले नाही, आणि या प्रकरणाचा हा भाग मला कायम अस्वस्थ करतो. ते या इजांबद्दल लिहीत आणि बोलत होते. १९०४ मध्ये त्यांनी क्ष-किरणांनी होणाऱ्या चिवट त्वचादाहावर लेख प्रसिद्ध केला. लेख लिहिणाऱ्याचे स्वतःचे हात तोवर बिघडलेले होते. सल्ला वाचकांना होता. त्यांच्या बोटांनी आयुष्यभरासाठी पुरेल एवढी मात्रा आधीच घेतली होती.

मुलांना हे सांगितले की कोणीतरी विचारतेच : मग १९०४ नंतर त्यांनी कडक काळजी घेतली असती तर? बहुधा फार फरक पडला नसता. किरणांनी झालेली जखम कापल्या-खरचटल्यासारखी भरून निघत नाही. पेशींमध्ये झालेला बिघाड तसाच राहतो आणि किरण बंद झाले तरी आपल्या गतीने पुढे चालतो. म्हणून या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण १९०४ चा नाही. तो १८९६ ते १८९८ चा आहे, जेव्हा लाली होती, आग होती आणि ती दोन आठवड्यांत बरी होई.

बरी होई! तिथेच फसगत होती. थोडी सुट्टी घेतली की कातडी सुधारायची, आणि सुधारलेली कातडी म्हणजे परत कामाला लागायचा परवाना असे वाटायचे.

डीलफाँटेनला जाण्याचा निर्णयही याच चष्म्यातून पाहायला हवा. १९०० पर्यंत धोका छापून आलेला होता. पण समोर युद्ध होते, जखमी सैनिकांच्या शरीरात गोळ्या होत्या, आणि युद्धभूमीवर हे काम जाणणारी माणसे मोजकी होती. लष्करी रेडिओग्राफर म्हणून त्यांचे नाव झाले ते तिथल्या कामामुळे. अशा वेळी ‘माझ्या बोटांना त्रास होतो’ हे कारण सांगायला माणसाला लाज वाटते. ती लाज त्या काळातच संपली, असेही नाही.

परिणाम

वेदना सतत होत्या, झोप मोडणाऱ्या होत्या. १९०८ मध्ये त्यांचा डावा हात कापावा लागला. लवकरच उजव्या हाताची चारही बोटे गेली, उरला अंगठा. डावा हात आधी आणि जास्त का बिघडला याची नोंद मला माहीत नाही, पण माझा कयास साधा आहे : उजवा हात कॉइलची कळ फिरवायला मोकळा लागतो, म्हणून पडद्यामागे जातो तो डावा. आजही विद्यार्थ्याला रुग्ण असलेले मूल धरायला सांगितले की तो अभावितपणे डावा हात पुढे करतो; बघा एकदा.

त्याच वर्षी सरकारने त्यांना वर्षाला १२० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. कापलेला डावा हात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पॅथॉलॉजी संग्रहालयात गेला.

डॉक्टर मात्र तिथे थांबले नाहीत. एका अंगठ्यावर माणूस काय करेल? १९१३ मध्ये त्यांचे कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाने त्वचेचे आजार बरे करण्यावरचे पुस्तक निघाले. पहिल्या महायुद्धात मेजर म्हणून त्यांनी बर्मिंगहॅम परिसरातल्या लष्करी रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांवर देखरेख केली. पुढे ते नगरपरिषदेत निवडून गेले. १९२० मध्ये कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो इंग्लंडभर गाजले, तेव्हा जुन्या छायाचित्रकाराच्या नजरेने त्यांनी ते खोटे असू शकतात असे स्पष्ट सांगितले. आयुष्यभर न दिसणारे दाखवण्यात गेले, पण दिसेल त्यावर विश्वास ठेवण्याची सवय काही लागली नव्हती. १९२६ मध्ये ते वारले. १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट गेओर्ग रुग्णालयात किरणांनी बळी घेतलेल्या कार्यकर्त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यावर पहिल्यांदा १६९ नावे कोरली गेली.

व्यवस्थेवर परिणाम व्हायला याहून जास्त वेळ लागला. १९०८ मध्ये निवृत्तिवेतन मिळाले, नियम मिळाले नाहीत. राँटगेन सोसायटीने १९१५ मध्ये सुरक्षेबद्दल ठराव केला, तो आवाहनाच्या स्वरूपाचा. मार्च १९२१ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलचे रेडिओलॉजिस्ट विल्यम आयर्नसाइड ब्रूस रक्तनिर्मिती थांबण्याच्या विकाराने वारले. वर्तमानपत्रांत खळबळ उडाली आणि त्याच वर्षी क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती कामाला लागली. हात जाणे हे शौर्य मानून झाले होते. रक्त बिघडून माणूस मरतो म्हटल्यावर मात्र शौर्याचा मुलामा टिकला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, सांगाड्याचा हात. १८९६ च्या वसंतातच तो चौकटीत बसवता आला असता. त्यासाठी नवे ज्ञान लागत नव्हते, पैसा लागत नव्हता. मग का बसवला नाही? माझे उत्तर असे की स्वतःचा हात वापरणे ही ऑपरेटरच्या कसबाची खूण बनली होती. आपल्या हाडांवरून नळी ‘वाचणारा’ माणूस जाणकार ठरे. सुरक्षेचा उपाय कसबाच्या अभिमानावर गदा आणत असेल तर तो स्वस्त असून चालत नाही, हे आपण आजही अनुभवतो. शिशाचे अ‍ॅप्रन खुंटीला लटकलेले असते आणि ‘एकच फोटो तर आहे’ म्हणत सिनियर आत जातो.

दुसरी, नोंद. हॉल-एडवर्ड्स प्रत्येक काचेवर तारीख आणि रुग्णाचा तपशील ठेवणारे छायाचित्रकार होते, असे मानायला हरकत नाही. तो त्या छंदाचा शिरस्ता होता. नळीपुढे स्वतःचा हात किती वेळ होता याची वही ठेवली असती, तर सहा महिन्यांच्या आत आकडा डोळ्यांसमोर आला असता. मात्रा मोजता येत नसली तरी वेळ मोजता येतो. नेमका हाच विचार १९२१ च्या समितीने केला, आणि त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरी, टिकलीची जागा. १९०४ नंतर एक टिकली ऑपरेटरच्या मनगटावर बांधता आली असती. ती एका दिवसात कदाचित बदललीही नसती, कारण ती मोठ्या उपचारमात्रेसाठी बनवलेली होती. पण महिनाभर एकच टिकली बांधून ठेवली असती तर काहीतरी दिसले असते का? हा प्रश्न मी वर्गात सोडून देतो. एका मुलीने एकदा छान उत्तर दिले : उजेडात आणि उष्णतेत टिकलीचा रंग आपोआप परत फिरतो, म्हणून महिन्याचा हिशेब तिच्यावर धरता आला नसता. बरोबर आहे. साठवून ठेवणारा मापक हवा होता, आणि तो त्यांच्या हातातच होता: फोटोची काच. काळ्या कागदात गुंडाळलेला तिचा एक तुकडा खिशात ठेवून आठवड्याने धुतला असता, की काळेपणा सांगून गेला असता. पुढे फिल्म बॅज निघाले ते याच तत्त्वावर. या माणसाइतकी ती युक्ती सुचायला योग्य जागा दुसरी नव्हती, आणि तरी ती सुचली नाही. डोळ्यांपुढे सतत रुग्ण होता. स्वतःकडे कॅमेरा फिरवायचा असतो हे लक्षात यायला फुरसत लागते.

चौथी गोष्ट व्यक्तीची नाही, रुग्णालयाची आहे. विभाग एका माणसावर चालवणे हीच मुळात चूक होती. दोन प्रशिक्षित माणसे असती तर पाळ्या लावता आल्या असत्या, लाली दिसताच एकाला महिनाभर बाहेर काढता आले असते. रुग्णालयांना यंत्र हवे होते. यंत्राबरोबर माणसांची संख्याही लागते हे अंदाजपत्रकात बसत नव्हते. तालुक्याच्या रुग्णालयात एकटाच टेक्निशियन रात्रंदिवस राबताना पाहिला की मला बर्मिंगहॅम आठवते.

आता १९२१ च्या समितीकडे. तिच्यापुढेही मोठी अडचण होती : किरणांचे सर्वमान्य एकक नव्हते. राँटगेन हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले १९२८ मध्ये स्टॉकहोमला, आणि रोजची सहनमर्यादा आकड्यात ठरली १९३४ मध्ये. म्हणजे जे मोजता येत नाही त्यावर नियम लिहायचे होते. समितीने शिशाच्या जाडीबरोबर घड्याळ आणि पंचांगाचा आधार घेतला. दिवसाला सात तासांपेक्षा जास्त काम नाही. रविवारची सुट्टी आणि शिवाय आठवड्यात दोन अर्धे दिवस मोकळे, तेही शक्यतो उघड्या हवेत. वर्षातून एक महिन्याची सलग रजा किंवा पंधरा-पंधरा दिवसांच्या दोन. नखांच्या मुळाशी लाली दिसल्यापासून ही रजा मंजूर व्हायला पंचवीस वर्षे लागली होती.